घरच्या शाळेचें वर्ष



मुलाला मराठी भाषा व तिचें वाङ्मय घरीं शिकवावयाचें झाल्यास वर्षाची आखणी कशी करावी, हा प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित घरांतून विचारला जातो. कांहीं कुटुंबें मुलांना शाळेंत न घालतां घरींच शिकवितात व पुढें मुक्त विद्यालयाच्या परीक्षेस बसवितात. अशीं घरें थोडीं. त्यांहून कितीतरी अधिक घरांतील मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात, आणि मराठी हा त्यांच्या पुरता घरचाच विषय होऊन बसतो. २०२० सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठीचें अध्यापन सक्तीचें झालें, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि वेळापत्रकांतल्या मोजक्या तासांत भाषेचा परिचय होतो. सहवास घडावयाचा तो घरींच. म्हणून हा प्रश्न थोड्या हौशी पालकांचा न राहतां बहुतेक मराठी घरांचा झाला आहे.

हा प्रश्न विचारणारे बहुधा पुस्तकांची यादी मागतात. यादी देणें कठीण नाहीं; शेवटीं मीही थोडीशी देणार आहें. परंतु माझें म्हणणें असें कीं, यादीच्या आधीं आपण आपल्याच इतिहासाकडे पाहावें. घरीं शिकणें ही आपल्याकडे परदेशांतून आलेली नवलाई नव्हे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत महाराष्ट्रांतील स्त्रियांना घर हीच बहुशः एकमेव शाळा होती, आणि त्या शाळेंतून कांहीं असामान्य लेखिका, वक्त्या व शिक्षिका बाहेर पडल्या. त्यांना कोणीं, कोणत्या वेळीं, कोणत्या क्रमानें शिकविलें, हें पाहिलें म्हणजे वर्षाची आखणी आपोआप हातीं येऊं लागते.

प्रथम जुन्या व्यवस्थेचें स्वरूप ध्यानांत घेऊं. पंतोजींच्या शाळेंत मुलगा धुळपाटीवर अक्षरें गिरवी, मोडीचा कित्ता वळवी, उजळणी म्हणे, पावकी-निमकी पाठ करी. हिशेब लिहितां आला व पत्र वाचतां आलें कीं शाळेचें काम संपलें. वाङ्मय म्हणून जें आपण म्हणतों तें त्या शाळेंत जवळजवळ नव्हतेंच. तें घरांत, देवळांत व जात्यावर होतें. कीर्तन, पुराण, पोथी, श्रावणांतल्या कहाण्या, दळतांना म्हटलेल्या ओव्या यांतून मुलाच्या कानावर भाषेचा सर्व थाट पडे. म्हणजे अक्षर शाळेंत आणि वाङ्मय घरांत, अशी ही वांटणी होती. यांत मुलीच्या वांट्याला वाङ्मय येई, पण अक्षर येत नसे. शेंकडों ओव्या मुखोद्गत असलेल्या बाईला स्वतःचें नांव लिहितां येत नसे, हें दृश्य घरोघर दिसे. बहिणाबाई चौधरी यांचें उदाहरण तर अगदीं अलीकडचें. त्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव व त्यांचे मावसबंधु यांनीं टिपून ठेविलीं म्हणून तीं १९५२ सालीं, बाईंच्या निधनानंतर, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. कान तयार असला म्हणजे भाषा किती उंच जाते, आणि अक्षर नसलें म्हणजे ती किती सहज नाहींशी होऊं शकते, या दोन्ही गोष्टी त्या एका उदाहरणांत आहेत.

कानाचें शिक्षण बुद्ध्या व क्रमानें देण्याचा एक मोठा प्रयोग अनंतशास्त्री डोंगरे यांनीं केला. शास्त्रीबोवांचे गुरु रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. तें पाहून शास्त्रीबोवांच्या मनानें घेतलें कीं आपणही पत्नीला शिकवावें. लोकांचा विरोध झाला. तेव्हां ते सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें जाऊन राहिले, आणि तेथें त्यांनीं लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविलें. १८५८ सालीं जन्मलेली त्यांची धाकटी कन्या रमा, म्हणजेच पुढच्या पंडिता रमाबाई, ही मुख्यतः आईजवळ शिकली. दिवसभर घरकाम असे, म्हणून आई पहांटे मुलीला जागी करी आणि उजाडण्यापूर्वीं पाठ देई. पाठ सर्व तोंडी. भागवताचे हजारों श्लोक मुलीला याच रीतीनें मुखोद्गत झाले. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडूं लागलें, आणि देवळांत पुराण सांगणें हेंच उपजीविकेचें साधन झालें. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. मुलगी जें पाठ करी तें ऐकावयास माणसें समोर बसलेलीं असत. पाठांतर हें परीक्षकासाठीं नव्हतें, श्रोत्यांसाठीं होतें. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, तेव्हां तिनें कोणत्याही शाळेचा उंबरठा ओलांडलेला नव्हता.

दुसरें उदाहरण वाचनाचें. १८७३ सालच्या डिसेंबरांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा विवाह रमाबाईंशीं झाला. त्या वेळीं न्यायमूर्ति एकतीस वर्षांचे व रमाबाई अकरा वर्षांच्या. माहेरीं मुलींना शिकविण्याची चाल नसल्यानें त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनीं स्वतः पाटी हातीं दिली. पुढें शिकवावयास बाई ठेवली. मराठीचा पाया झाल्यावर इंग्रजी सुरू केलें. घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना हें मुळींच रुचलें नाहीं. त्यांच्या टोमण्यांची हकीकत रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत मोठ्या संयमानें सांगितली आहे. मला त्यांतली शिकविण्याची रीत महत्त्वाची वाटते. न्यायमूर्तींची दृष्टि अधू होती, त्यामुळें त्यांना वर्तमानपत्रें व पुस्तकें वाचून दाखवावीं लागत. तें काम रमाबाईंकडे आलें. ज्या वाचनावर घरांतलें एक खरें काम अवलंबून असतें तें वाचन चुकवितां येत नाहीं. ऐकणारा जाणता असल्यानें अडखळलेला शब्द तेथल्या तेथें सुटतो, आणि वाचलेल्या मजकुराविषयीं बोलणें होतें तें निराळेंच. पुण्यांत मुलींचें हायस्कूल व्हावें म्हणून झालेल्या सभेंत गव्हर्नरसाहेबांपुढें याच रमाबाईंनीं इंग्रजींत लिहिलेलें निवेदन वाचलें. तें हायस्कूल १८८४ सालीं सुरू झालें. हुजूरपागा या नांवानें आपण सर्व त्यास ओळखतां.

तिसरें उदाहरण लेखनाचें आहे, आणि त्यांत धडा आहे तसा इशाराही आहे. गोपाळराव जोशी हे पोस्टखात्यांतले नोकर. १८६५ सालीं कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाईंना त्यांनीं हट्टानें शिकविलें. तो हट्ट कित्येकदां मारहाणीपर्यंत गेला, हें काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलेल्या चरित्रामुळें आपणांस कळतें. शिकविणारा घरचाच असला म्हणजे त्याच्या रागाला शाळेंतल्या मास्तराच्या रागासारखी घंटेची मर्यादा राहत नाहीं. घरच्या शाळेचा हा सर्वांत मोठा धोका होय. छडीच्या जोरावर आनंदीबाई इंग्रजी लिहूं लागल्या, असें मानण्याचें मला कारण दिसत नाहीं. त्यांचें इंग्रजी तयार झालें तें पत्रांनीं. गोपाळरावांचें एक पत्र अमेरिकेंतल्या मिशनच्या मासिकांत छापलें गेलें. तें न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आलें. आणि १८८० सालापासून या बाई व आनंदीबाई यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आपल्या चालीरीती, सण, पोशाख, खाणेंपिणें हें सर्व एका परक्या पण मायाळू बाईला समजावून सांगावयाचें, आणि तिच्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं. याहून चांगला निबंधाचा विषय कोणता मास्तर काढील? १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथें आनंदीबाईंनीं आपल्या अमेरिकाप्रयाणाचीं कारणें सांगणारें इंग्रजी व्याख्यान दिलें, तें त्या पत्रांच्या सरावाचेंच फळ होय. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या व पुढच्याच वर्षीं निवर्तल्या.

लक्ष्मीबाई टिळकांचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा व्हावयाचा नाहीं. त्यांचें शिक्षण म्हणण्याजोगें थोडेंच, आणि तेंही घरीं, धरसोडीनें झालेलें. पण १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ मराठी गद्याचें वैभव आहेत. त्यांचें वाक्य बोलल्यासारखें चालतें. पुस्तकी घडण त्यांच्या भाषेवर बसलीच नव्हती, म्हणून तोंडच्या बोलीचा जिवंतपणा कागदावर उतरतांना उणावला नाहीं. मुलाच्या लेखनांतून घरची बोली पुसून टाकण्याची घाई करणाऱ्या आईबापांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें.

आतां हीं घरें कोणत्या पुस्तकांवर चालत, तेंही पाहूं. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचें ‘बाळमित्र’ १८२८ सालीं निघालें. दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण १८३६ सालचें. परशुरामपंत गोडबोले यांनीं जुन्या कवितेंतील वेंचे निवडून १८५४ सालीं ‘नवनीत’ प्रसिद्ध केलें; पुढें कित्येक पिढ्यांना जुनी कविता ठाऊक झाली ती त्या एका पुस्तकामुळें. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं ‘बालबोध’ हें मासिक काढलें व १९१४ सालीं स्वतःच्या मृत्यूपर्यंत तें चालविलें. त्याच्या अंकांत चरित्र, कविता, निबंध व शास्त्रीय विषय अशी नेमस्त मांडणी असे. ज्या घरांत हें मासिक येई तेथें वर्षाचा अभ्यासक्रम टपालानेंच येई म्हणाना! १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ सुरू करून तीच परंपरा पुढें नेली. थोडें पण नेमानें, आणि अनेक प्रकारचें, हें त्या मासिकांचें सूत्र होतें. आजच्या घरांत पुस्तकांची वाण नाहीं. वाण आहे ती नेमाची.

मी बोलत आहें तें अंकुशनगरांतून, जालना जिल्ह्यांतल्या अंबड तालुक्यांतून. या मराठवाड्याचा अनुभवही आपल्या प्रश्नाशीं जुळता आहे. निजामाच्या राज्यांत सरकारी शाळांतील वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें तेंही उर्दू माध्यमाचें. हिंदी मुलुखांतल्या एका भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी उपक्रम होता, हें मान्य केलें पाहिजे. पण मराठी मुलाला त्यामुळें आपली भाषा घरीं, देवळांत किंवा खासगी शाळांत सांभाळावी लागली. हैदराबादची विवेकवर्धिनी, तेव्हांच्या औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी या संस्थांचें मोल त्यामुळेंच मोठें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हें संस्थान भारतांत विलीन झालें व पुढें शाळांतून मराठी आली. जी भाषा शाळेनें टाकली ती घरानें उचलली तरच टिकते, हें आमच्या भागानें प्रत्यक्ष पाहिलें आहे. आज शहरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाची स्थिति बाह्यतः तशीच दिसते. भेद इतकाच कीं त्या काळीं सक्ती होती आणि आज निवड आहे. म्हणून जबाबदारीही आपलीच.

आतां वर्षाच्या आखणीकडे वळूं. आठ ते बारा वर्षांचें मूल मी मनांत धरलें आहे. वर्षांतून चाळीस आठवडे व आठवड्यांतून पांच दिवस धरले तर दोनशें दिवस होतात. रोज एक तास पुरे; पण तो ठरलेला असावा. पंडिता रमाबाईंच्या आईला पहांटेची वेळ साधली, तुम्हांला रात्रीच्या जेवणानंतरची साधेल. वेळ कोणतीही असो, ती पाहुण्यांसाठीं मोडूं नये. तासाचे तीन भाग करावे: वीस मिनिटें ऐकणें, वीस मिनिटें मोठ्यानें वाचणें, वीस मिनिटें लिहिणें. तिन्ही वेळीं घरांतलें एक मोठें माणूस समोर बसलेलें पाहिजे. तें माणूस विद्वान नसलें तरी चालेल. तें ऐकणारें असलें म्हणजे झालें.

जून ते ऑगस्ट हा पहिला भाग कानाचा मानावा. आषाढांत वारीच्या निमित्तानें अभंग, श्रावणांत कहाण्या, जात्यावरच्या ओव्या, बहिणाबाईंचीं गाणीं, आजीच्या तोंडच्या म्हणी व उखाणे हीं या काळांत ऐकवावीं व म्हणवून घ्यावीं. ‘मनाचे श्लोक’ दोनशेंपांच आहेत. शिकण्याचे दिवस दोनशें. रोज एक म्हटला तर वर्षअखेर जवळजवळ सर्व म्हणून होतात. श्रद्धा असो वा नसो, भुजंगप्रयातासारख्या ठसठशीत चालीनें जिभेला वळण लागतें तें आयुष्यभर पुरतें. ज्या घरांत दुसऱ्या धर्माचीं पदें अथवा गीतें म्हटलीं जातात त्यांनीं तीं घ्यावीं. हेतु एकच, कान भरला पाहिजे.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा दुसरा भाग गद्याचा. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली ‘श्यामची आई’ प्रकरणाप्रकरणानें मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावी. जरा मोठ्या मुलाला ‘स्मृतिचित्रां’तले निवडक प्रसंग, आणि गोडसेभटजींच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकांतले सोपे भाग द्यावे. १८५७ च्या धामधुमींत सांपडलेल्या एका वरसईकर भिक्षुकाची ती हकीकत १८८३ सालीं लिहिली गेली व १९०७ सालीं छापली गेली. इतिहास आणि गद्य दोन्ही तींत एकत्र भेटतात. या सुमारास दिवाळी येते. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढल्यापासून दिवाळी अंक हा मराठी घरांचा सणच झाला आहे. मुलांसाठींचा एक अंक मुलाच्या स्वतःच्या नांवानें विकत घ्यावा, आणि त्यांतली कोणती गोष्ट आवडली व कां आवडली हें त्यानें घरच्या मंडळींस सांगावें.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिसरा भाग लेखणीचा. येथें आमच्या जिल्ह्याचें एक देणें मला सांगितलें पाहिजे. समर्थ रामदास १६०८ सालीं जन्मले तें जांब गांव याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळें व सुटें कसें असावें, ओळी सरळ कशा राखाव्या, पानाला समास कसा सोडावा, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वळण एकसारखें कसें ठेवावें, इतक्या बारीक गोष्टी त्यांत सांगितल्या आहेत. बोटांचा चाळा फिरत्या पडद्यावर चालणाऱ्या आजच्या मुलांना हा समास वाचून दाखवावा व त्याप्रमाणें एक वही लिहवून घ्यावी. परंतु सुलेखन म्हणजे लेखन नव्हे. आनंदीबाईंचें उदाहरण आठवून मुलाला खरें पत्र लिहावयास लावावें. दर आठवड्यास एक पत्र. मामाला, परगांवीं राहणाऱ्या मित्राला, आजोळच्या आजोबांना. विषय घरांत घडलेला, आणि पत्र खरोखर टपालांत पडलेलें. उत्तर येईल अशा माणसाची निवड करावी, कारण उत्तर हीच लेखनाची खरी पावती. चुका लाल शाईनें रंगवूं नयेत. एका पत्रांत दोन चुका दाखवाव्या, बाकीच्या पुढच्या पत्रासाठीं ठेवाव्या. ६ जानेवारीस, म्हणजे १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ज्या दिवशीं निघालें त्या दिवशीं, घरचें एक चारपानी वर्तमानपत्र मुलाकडून काढवावें. व्याकरण या लेखनाच्या ओघांतच यावें: जो शब्द अडला त्याचें लिंग, वचन, विभक्ति तेव्हांच पाहावी.

याच काळांत शब्द गोळा करण्याचें काम द्यावें. प्रत्येक गांवाला स्वतःचा शब्दकोश असतो. आमच्या कारखान्याच्या गांवीं गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे फड, टोळी, मुकादम, उचल, कोयता, मोळी, वाढें, पाचट, चिपाड, मळी असे शब्द रोज कानावर पडतात. येथें कोयता म्हणजे नुसतें हत्यार नव्हे. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. असा एक शब्द मुलानें स्वतः विचारून टिपला तर त्याला भाषाही कळते आणि त्या शब्दामागचा संसारही कळतो. शहरांतल्या मुलानें सुतार, शिंपी, भाजीवाली, छापखाना, रेल्वेस्टेशन यांचे शब्द टिपावे. वर्षअखेर दोनशें शब्दांची वही सहज होते.

मार्च ते मे हा शेवटचा भाग. पहिल्या तीन भागांत जें ऐकलें, वाचलें, लिहिलें त्याचें या काळांत काय करावयाचें? येथें इतिहास आपणांस जें सांगतो तें मला सर्वांत मोलाचें वाटतें. सावित्रीबाई फुले यांना जोतीरावांनीं घरींच शिकविलें. आणि १८४८ सालीं पुण्यास भिडेवाड्यांत मुलींची शाळा उघडली तेव्हां त्या शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें. रमाबाई रानडे यांच्या हातून १९०९ सालीं पुण्याची सेवासदन संस्था उभी राहिली. तिघींचें शिक्षण घरांत सुरू झालें, पण घरांत संपलें नाहीं. तिघींनीं आपल्याला मिळालेला पाठ ज्यांच्या घरीं शिकविणारें कोणी नव्हतें त्यांच्यापर्यंत नेला.

कारण घरच्या शाळेची मर्यादा उघड आहे. जेथें आधीं कोणी शिकलेलें आहे तेथेंच ती भरूं शकते. डोंगरे शास्त्री होते, रानडे न्यायमूर्ति होते. ज्या घरांना शतकानुशतकें अक्षर वर्ज्य होतें तेथें घरची शाळा कोण भरविणार? फुले दांपत्याच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजांतल्या चौदा वर्षांच्या मुलीनें महारमांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त छापला गेला. त्या मुलीला घर अक्षर देऊं शकत नव्हतें. तें शाळेनें दिलें. म्हणून घरच्या शाळेचें कौतुक करणाऱ्यानें बाहेरच्या शाळेला तुच्छ लेखूं नये. एकीचा पुरवठा दुसरीला झाला पाहिजे.

हा प्रश्न आमच्या येथें जुना झालेला नाहीं. दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या परिसरांत ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. गाळप संपेपर्यंत त्यांचीं बिऱ्हाडें पाचटाच्या कोप्यांत असतात. आईबापांबरोबर आलेल्या मुलांचें गांवाकडील शाळेचें वर्ष मध्येंच तुटतें. अशा मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहेंही झालीं, तरी कोपीपाशीं धाकटें भावंड सांभाळीत बसलेलीं मुलें अजून दृष्टीस पडतात. त्यांच्या कानांत ओव्या आहेत, जिभेवर शब्द आहेत. अक्षराचा सराव तेवढा तुटलेला आहे. शहरांतूनही अशीं मुलें दूर नाहींत: इमारतीच्या कामावर, वीटभट्टीवर, आपल्याच दारच्या पहारेकऱ्याच्या खोलींत तीं आहेत.

तेव्हां वर्षाच्या शेवटल्या भागांत आपल्या मुलाला शिकविणारा करावें. त्यानें वर्षभरांत वाचलेल्यांतली एक गोष्ट निवडावी, ती मोठ्यानें वाचण्याची तयारी करावी, आणि आठवड्यांतून एक दिवस अशा एखाद्या मुलाला किंवा दोघांतिघांना ती वाचून दाखवावी. मग त्यांच्याकडून त्यांची गोष्ट ऐकावी व लिहून घ्यावी. उपकाराची भाषा येथें नको. दोन मुलें एका पुस्तकावर वांकून बसलीं म्हणजे कोण कोणाला शिकवितें हें सांगणें कठीण असतें. शहरी मुलाला जे शब्द ठाऊक नसतात ते दुसऱ्याला असतात. आणि शिकवितांना शिकणाऱ्यापेक्षां शिकविणाऱ्याचा पाठ अधिक पक्का होतो, हें प्रत्येक शाळामास्तरास ठाऊक आहे.

परीक्षेविषयीं एक शब्द सांगून थांबतों. जूनच्या पहिल्या आठवड्यांत एक पान मुलाकडून वाचून घ्यावें व त्याच्याच हातचा दहा ओळींचा मजकूर तारीख घालून ठेवून द्यावा. मेच्या शेवटीं तेंच पान वाचावयास द्यावें, नवा मजकूर लिहवावा, आणि दोन्ही कागद मुलापुढेंच शेजारीं शेजारीं मांडावे. त्याला अंतर स्वतःच दिसेल. गुणांची जरूर पडणार नाहीं. एवढें झाल्यावर पुढच्या जूनची यादी तुम्ही करूं नका, त्यालाच करूं द्या. आणि त्या यादींत, ज्याला त्यानें गोष्ट वाचून दाखविली त्या मुलासाठीं एक पुस्तक आहे कीं नाहीं, तेवढें मात्र पाहा.